अभिमन पट्टेवाल्याचा पुकारा

सोनगीरच्या किल्ल्यावर एक म्हैस हरवली आणि त्यापायी अभिमन उखर्डू पाटलाला सरकारी नोकरी लागली. हे सांगताना तो कधी मीठमसाला घालत नसे, कारण घडलं ते तसंच होतं. सन १९०९ मधली गोष्ट. वीस-एकवीस वर्षांचा अभिमन दिवस मावळायच्या सुमाराला किल्ल्याच्या उतारावर उभा राहून म्हशीला हाका मारत होता. खाली आग्रा रोडवर धुळ्याचे एक नाझरसाहेब, म्हणजे कोर्टातल्या सगळ्या शिपायांवरचे अंमलदार, टांग्याचं निखळलेलं चाक बसेपर्यंत चिंचेखाली टेकले होते. एवढ्या लांबून आलेली ती हाक इतकी स्वच्छ होती, की म्हशीचं नाव चांदी आहे हे साहेबांना तिथे बसल्या बसल्या कळलं. त्यांनी माणूस पाठवून पोराला खाली आणवलं.

"लिहितावाचता येतं?"

"नही साहेब."

"नाव एकदा ऐकलं तर तसंच्या तसं म्हणता येईल?"

"ते येई."

म्हैस रात्री आपणहून घरी आली. अभिमन मात्र महिनाभरात सोनगीर सोडून धुळ्याला आला, आणि त्याच्या छातीवर तांबडा पट्टा अन् पितळी बिल्ला चढला.

त्याचं काम पुकाऱ्याचं. दावा निघाला की आतून कारकून कागद पुढे करून नाव सांगे, आणि अभिमन ओसरीच्या पायरीवर येऊन ते नाव तीनदा पुकारी. पक्षकार म्हणजे खेड्यापाड्यांची माणसं. पहाटेच घरून निघालेली, निंबाखाली भाकरी सोडून बसलेली, कुणी रस्त्यापलीकडे बैलांना पाणी दाखवत असलेली. त्या सगळ्यांपर्यंत नाव पोचलं पाहिजे. नाही पोचलं तर माणूस गैरहजर, आणि गैरहजर माणसाचा दावा बुडाला.

अभिमनने हे काम अंगाला लावून घेतलं होतं. सकाळी कोर्ट भरण्याआधी तो झाडांखालून एक फेरी मारायचा. "भाऊ, तुना नाव काय? कसं म्हणतस?" असं विचारायचा. कारकुनांनी कागदावर वेडंवाकडं उतरवलेलं पावरा-भिल्लांचं नावसुद्धा तो त्यांच्याच तोंडून ऐकून घ्यायचा आणि तसंच पुकारायचा. शिंदखेड्याकडचा एक म्हातारा एकदा दावा हरून परत जाताना त्याला म्हणाला होता, "जाऊ दे बापा. पण मना नाव इतलं मोठं शे, हाई आज समजनं."

अशी अठरा वर्षं गेली. लग्न झालं, ताईबाई आली, दोन मुली झाल्या, त्या नांदायलाही गेल्या. ताईबाई कापडण्याच्या बाजूची. अंगानं किरकोळ, पण नजरेतून काही सुटायचं नाही. पांझरेच्या काठाजवळ दोन खोल्यांचं त्यांचं घर होतं आणि मागे एक बाभूळ.

सन १९२७ च्या पौषातली सकाळ. थंडी मनस्वी होती. कारकुनानं आतून नाव सांगितलं, अभिमन पायरीवर आला, श्वास भरून घेतला आणि म्हणाला, "भटू वल्द चुडामण, हाऽजिर हैऽ?" दुसऱ्यांदा त्याने "भटू" म्हटलं आणि खालचा जबडा आपोआप उजवीकडे सरकला. दातांवर दात गच्च बसले. तोंड उघडायला जावं तर ते उघडेना, आणि गालाचा स्नायू लाकडासारखा टणक झालेला. झाडाखालची दोघं-तिघं हसली. भटू नावाचा तो माणूस धावत पायरीशी आला आणि अभिमनच्या तोंडाकडे पाहून तिथेच थबकला. अर्ध्या मिनिटानं जबडा सुटला. अभिमननं गाल चोळला, थंडीला दोन शब्द ऐकवले आणि पुढचं नाव पुकारलं. ते नीट गेलं.

आठ दिवसांनी तसंच पुन्हा झालं. मग दर दोन दिवसांनी. होळीपर्यंत अशी वेळ आली, की पायरीवर पाय ठेवला तरी जबडा वळायला लागे. गंमत अशी, की घरी तो खणखणीत बोलत होता. भाकरी चावत होता, आंघोळ करताना अभंग म्हणत होता. अडायचं ते फक्त पुकाऱ्याला. त्यामुळे लोकांना वाटलं, हा सोंग करतो. नवे नाझरसाहेब एकदा म्हणालेसुद्धा, "पाटील, घरी बोलता आणि कोर्टात दातखीळ बसते, हा रोग आम्ही ऐकला नाही." अभिमनला त्यावर काही बोलायचं होतं. पण त्याच वेळी जबडा उजवीकडे गेला, आणि ते साहेबांना आणखीच सोंग वाटलं.

पुकाऱ्याचं काम पुनाकडे गेलं. पुना हा त्याच्याबरोबरचा धाकटा पट्टेवाला, मनानं चांगला, पण आवाजानं किरटा. अभिमनला पंखा ओढायला बसवलं. ओसरीत बसायचं, भिंतीतल्या भोकातून आलेली दोरी हातात धरायची, आणि आतल्या लोकांच्या डोक्यावरचा कापडी पंखा दिवसभर हलवत ठेवायचा. ज्याचा आवाज रस्ता ओलांडून जायचा, तो आता भिंतीआड मुका बसून दोरी ओढत होता. पुना पायरीवरून नाव चुकवी तेव्हा अभिमनचा हात थांबे आणि आतून कुणीतरी खेकसे, "पंखा."

उन्हाळ्यात दुखणं वाढलं. आता साध्या बोलण्यातही जबडा ओढू लागला. मग जेवणात. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी म्हणजे त्याचा जीव की प्राण, पण घास उजव्या दाढेखाली गेला की दाढा बंद. एकदा जीभ सापडली आणि तोंड रक्तानं भरलं. ताईबाई भाकरी दुधात कुस्करून देऊ लागली, मग नुसती पातळ खिचडी-कढी. पट्टा छातीवर सैल पडू लागला. फक्त झोपेत त्याचा चेहरा पूर्वीसारखा सरळ दिसे. ताईबाई कधी पहाटे उठून त्याच्याकडे पाहत बसायची.

उपाय झाले. निरगुडीच्या पाल्याचा शेक झाला, मोहरीच्या तेलाची मालिश झाली. बाजारात दात काढणारा एकजण बसे, त्यानं दाढेत कीड आहे म्हणून दोन चांगल्या दाढा उपटल्या. गाल सुजला, जबडा वळायचा तो वळतच राहिला. एका भगतानं लिंबू उतरवून सांगितलं, की बाहेरचं आहे.

आणि मग एके दिवशी पुनानं, मनात काही वाईट नसताना, एक गोष्ट काढली. पौषाच्या आधीच्या श्रावणात कापडण्याची भिकुबाई नावाची एक विधवा होती. बांधाचा दावा होता, दिराविरुद्ध. तिचं नाव अभिमननं तीनदा पुकारलं होतं. पण त्या दिवशी पांझरेला पूर होता, बाई पलीकडच्या काठावर अडकली, आणि पोचली तेव्हा दावा निकालात निघालेला होता. ती पायरीवर बसून खूप रडली होती.

"तिना तळतळाट लागना व्हई का तुले?" पुना म्हणाला.

ते वाक्य अभिमनच्या मनात काट्यासारखं रुतलं. आपण तीनदा पुकारलं हे खरं. पण नदीला पूर आहे हे आपल्याला ठाऊक होतं, आणि जरा थांबून, आत जाऊन सांगून पाहता आलं असतं, हेही खरं. रात्रंदिवस तो हेच घोळवू लागला. शेवटी एका रविवारी ताईबाईला बरोबर घेऊन तो कापडण्याला चालत गेला.

भिकुबाई अंगणात तुरीच्या काड्या बांधत होती. तिनं त्याला ओळखलं, घोंगडी टाकली, पाणी दिलं. अभिमनला बोलायचं होतं ते काही धड निघेना. "तुनं नाव" एवढं निघालं आणि जबडा गेला. मग ताईबाईनंच सगळं सांगितलं. सांगताना तिचाही आवाज कापत होता.

भिकुबाईनं काड्या बाजूला ठेवल्या.

"मी तुले कसाले सराप देसू, भाऊ?" ती म्हणाली. "सारा लोके मी तठे येवाले नको म्हनीसन बसेल व्हतात. तू एकला माले हाका मारी राहिंता."

अभिमनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्यांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तो बांधही पुढे अपिलात तिला मिळाला होता, हे जेवताना कळलं. परतीच्या वाटेवर जबडा तसाच वाकडा होता, पण कितीतरी दिवसांनी अभिमन ताठ चालत होता. आपण कुणाचं वाईट केलेलं नाही, आणि हे दुखणं म्हणजे शिक्षा नाही, एवढं त्याला कळलं. दुखणं नुसतं दुखणं असेल तर माणूस त्याच्याशी झगडू शकतो.

पुढचा धागा ताईबाईच्या हाती लागला. एका सकाळी ती चुलीपाशी होती आणि अभिमन मागच्या दारी बाभळीची काडी चावत दात घासत होता. शेजारच्यांची बकरी वाळत घातलेल्या डाळीत शिरली. अभिमन तिच्यावर ओरडला. बकरीची, बकरीच्या मालकाची आणि मालकाच्या सासऱ्याची त्यानं एका दमात हजेरी घेतली. ताईबाईच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. ती बाहेर आली.

"आते काय बोलनात तुम्हीन?"

"बकरीले बोलनू."

"तोंड नही वळनं."

अभिमननं काडी तोंडातून काढली, "काय?" म्हणाला, आणि तेवढ्यात जबडा सरकला. ताईबाईनं त्याचा काडी धरलेला हात पुन्हा तोंडाशी नेला. त्यानं ती उजव्या दाढांमध्ये धरली. जबडा जागेवर आला.

"आते बोला."

"काय बोलू?"

"हाईच बोला."

त्या दिवशी तो कोर्टात उशिरा गेला. नवराबायकोनं घरात सापडेल ते तोंडात धरून पाहिलं. लवंगेनं काही होईना. सुपारीनं थोडं होई, पण ती निसटे. चिंचोका बारीक पडे. बोटानं हनुवटी डावीकडून दाबली तर जरा वेळ बरं वाटे. पण खरा गुण बाभळीच्या काडीचा, आणि तीही करंगळीएवढी जाड, उजव्या बाजूच्या मागच्या दाढांमध्येच. दाढेला काहीतरी लागलं की जबड्याला जणू आठवण होई, की आपली जागा कुठली. का, ते दोघांनाही सांगता येईना.

संध्याकाळी ते पांझरेच्या वाळवंटात गेले. माणसं नव्हती. अभिमननं काडी दाढेत धरली आणि पलीकडच्या काठाकडे तोंड करून पुकारा केला. कुणाचं नाव घ्यावं सुचेना, म्हणून बायकोचंच घेतलं. जुन्या काळी नवरा बायकोचं नाव असं मोठ्यानं घेत नसे, नदीवर तर नाहीच. ताईबाई लाजून पाठमोरी झाली. आवाज पलीकडच्या दरडीवर आपटून परत आला.

मंगळवारी पुना तापानं आजारी होता. नाझरसाहेबांचा नाइलाज झाला, पुकाऱ्याला अभिमनला उभं केलं. त्यानं खिशातून काडी काढून दाढेत धरली आणि पहिलं नाव पुकारलं. झाडाखालची माणसं चमकून उठली. दुसरं गेलं, तिसरं गेलं. चौथ्याला आतून न्यायाधीशांचा, त्यांना सगळे रावसाहेब म्हणत, आवाज आला.

"त्या पट्टेवाल्याच्या तोंडात काय आहे?"

कोर्टात तोंडात काडी धरून उभं राहणं म्हणजे बेअदबी. अभिमनला आत बोलावलं गेलं. काडी काढायला लावली. काडी काढताच जबडा उजवीकडे फिरला आणि खटकन मिटला. रावसाहेबांनी लेखणी खाली ठेवली. ते रागीट म्हणून प्रसिद्ध होते, पण डोळ्यासमोर दिसतं ते नाकारणारे नव्हते.

"काडी परत घाल," ते म्हणाले. अभिमननं घातली. "आता सांग."

त्यानं पौषापासून सगळं सांगितलं. रावसाहेब ऐकत राहिले. मग म्हणाले, "काडी कोर्टात चालणार नाही. पण जळगावला दातांचे एक डॉक्टर आहेत, रेवाशंकर जानी. माझ्या आईची कवळी त्यांनी केली. डोकेबाज माणूस आहे. चिठ्ठी देतो, रजा घे आणि जा."

धुळ्याहून चाळीसगावची गाडी आणि तिथून जळगाव. ताईबाई आगगाडीत पहिल्यांदाच बसली होती. वाटभर तिनं बाभळीच्या काड्यांची जुडी मांडीवर सांभाळली होती.

डॉक्टर जानी पन्नाशीकडे आलेले, बुटके, कलकत्त्याला शिकलेले. तीन पिढ्या जळगावात गेल्यानं मराठी आपल्यासारखंच बोलत. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि घाईनं तोंडात आरसा घातला नाही. आधी अभिमनला बोलू दिलं. मग प्रश्न विचारले, आणि ते प्रश्न इतके नेमके होते, की अभिमन आणि ताईबाई एकमेकांकडे बघू लागले.

"झोपेत होतं का?"

"नही," ताईबाई म्हणाली. "झोपमा तोंड सरळ ऱ्हास."

"सकाळी बरं, संध्याकाळी जास्त?"

"हो."

"कुणी बघत असलं की आणखी जास्त?"

अभिमननं मान हलवली.

"आणि लोक म्हणतात सोंग करतो," डॉक्टर म्हणाले.

अभिमननं बाहीनं डोळे पुसले. डॉक्टरांनी त्याला पाणी दिलं.

मग त्यांनी तपासलं. गालाचा स्नायू बोटांनी चाचपला. उजव्या बाजूचा डाव्यापेक्षा जाड झाला होता, पहिलवानाच्या दंडासारखा. पुढे त्यांनी एक बारीक सुई काढली. दात काढताना बधिर करायचं औषध होतं, ते त्यांनी गालाच्या स्नायूत थोडं टोचलं आणि घड्याळ बघत बसले. काही वेळानं ताठलेला गाल सैल पडला. डॉक्टरांनी टेबलावरचं केळ सोलून दिलं. अभिमननं ते खाल्लं. मग ताईबाईनं फडक्यातली भाकरी काढली. वर्षभरात पहिल्यांदा तो कोरडी भाकरी सावकाश, डाव्या दाढेनं, चावून खात होता. ताईबाईनं फडक्यातला पुढचा तुकडा त्याच्या हातात दिला.

"मंग हाईच टोचा ना रोज," ती म्हणाली.

"तासा-दोन तासांत उतरेल हे, बाई. रोज टोचून गाल खराब होईल," डॉक्टर म्हणाले. "मला बघायचं होतं, की हाड बिघडलंय की स्नायू. हाड चांगलं आहे. दाढाही चांगल्या होत्या, त्या उगीच काढल्या. स्नायूसुद्धा दांडगा आहे. त्याला हुकूम चुकीचा येतो, एवढंच. बोल म्हटलं की तो समजतो चाव. असं का होतं ते मला माहीत नाही. मोठ्या मोठ्यांच्या पुस्तकातही नीट लिहिलेलं नाही. मी असा माणूस पहिल्यांदाच बघतो आहे."

"बरं होई का?" अभिमननं विचारलं.

"मुळापासून बरं करायचं औषध माझ्याकडे नाही. खोटं सांगणार नाही. पण इलाज तुम्हीच शोधून आणलाय," असं म्हणून त्यांनी ताईबाईच्या मांडीवरच्या जुडीकडे बोट केलं. "ही काडी मी कुणाला दिसणार नाही अशी करून देतो."

तीन दिवस ते धर्मशाळेत राहिले. डॉक्टरांनी ऊन मेण तोंडात दाबून दाढांचा ठसा घेतला. त्यावरून साचा केला आणि कवळीला वापरतात ते कडक रबर वाफेच्या भांड्यात शिजवून एक छोटी तांबूस पट्टी घडवली. उजव्या दाढांवर ती टोपीसारखी बसायची. पहिली पट्टी जाड झाली. तोंडात घालताच अभिमनला उमासे आले, आणि शब्द असे निघाले की जणू गरम बटाटा तोंडात आहे. ताईबाईचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी ती बाजूला ठेवली आणि रात्रभरात दुसरी केली. सकाळी ती घासून घासून, पुन्हा पुन्हा तोंडात बसवून, एका ठिकाणी त्यांनी हात थांबवला.

"बोला काही."

"काय बोलू?" अभिमन म्हणाला. जबडा हलला नाही.

डॉक्टरांनी त्याला दवाखान्याच्या दारात उभं केलं आणि पुकारा करायला सांगितलं. समोरच्या दुकानात रेवाचंद नावाचा कापडवाला होता. अभिमननं त्याचं नाव पुकारलं. काय झालं म्हणून कापडवाला गज हातात घेऊन रस्त्यावर आला. डॉक्टर जानी आयुष्यात फार हसणारे नव्हते म्हणतात, पण त्या दिवशी ते दारातल्या बाकावर बसून डोळे पुसेपर्यंत हसले.

धुळ्याला आल्यावर सगळं पहिल्यासारखं झालं असं नाही. पट्टीमुळे 'स' थोडा 'श'कडे झुकायचा, आणि सुकदेवाचा शुकदेव व्हायचा. फार दगदग झाली, मनावर ताण आला, की पट्टी असूनही जबडा कुरकुरायचा. तेव्हा तो पुनाला खूण करी आणि पुना दोन-चार नावं घेई. दोघांनी कामाची वाटणीच करून टाकली. लांबच्या गावची, अवघड नावं अभिमनची, आणि धुळ्यातली पुनाची. नाझरसाहेबांनी त्याला पंख्याच्या दोरीवरून उठवलं. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, पण एकदा जाता जाता म्हणाले, "पाटील, आवाज जरा कमी करा, आत कागद उडतात." अभिमनला तेवढं पुरलं. जेवायच्या आधी तो पट्टी काढून वाटीत ठेवी आणि बाभळीच्या काडीनं चार-पाच मिनिटं दाढ दाबून घेई, मग घास सुखानं जाई. अंगावर मांस चढलं. पट्टा पुन्हा छातीवर नीट बसला.

वर्षातून एकदा तो जळगावला जाऊन पट्टी दाखवून येई. झिजली असली तर डॉक्टर नवी करून देत. सन १९३६ च्या हिवाळ्यात मात्र डॉक्टरांचंच पत्र आलं. रावसाहेबांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांच्या कारकुनानं ते वाचून दाखवलं. चोपड्याच्या वर सातपुड्याच्या पायथ्याची एक बाई दवाखान्यात आली आहे. तिचं तोंड बोलताना, खाताना आपोआप उघडतं आणि मिटत नाही. ती घाबरली आहे, काही तोंडात घालू देत नाही. आपण येऊ शकाल का?

अभिमननं ते पत्र दोनदा वाचायला लावलं. हे दुखणं जगात आणखी कुणाला असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं तो निघाला.

दवाखान्याच्या ओसरीत बिजलीबाई भिंतीला टेकून बसली होती. तिशीची असेल. लुगड्याचा पदर तिनं नाकापर्यंत ओढून घेतला होता आणि तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. शेजारी तिचा नवरा करमसिंग उकिडवा बसला होता. मोहाची फुलं गोळा करून आणि पावसावरची थोडी शेती करून दोघं राहत. गावात बायांनी तिच्याबरोबर जेवायला बसणं सोडलं होतं. करमसिंग हे सगळं आपल्या पावरी बोलीत आणि मोडक्या अहिराणीत सांगत होता. अभिमनला निम्मं कळलं, आणि निम्मं न कळता कळलं.

तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. तोंडात बोट घालून त्यानं पट्टी काढली आणि तळहातावर धरून तिला दाखवली. मग नाव सांगायला लागला. "अभि" एवढ्यावर जबडा उजवीकडे सरकला आणि दात खटकन मिटले. गाल दगडासारखा झाला. कुणी बघत असताना त्यानं ही गोष्ट आजवर कधी जाणूनबुजून होऊ दिली नव्हती. आज त्यानं ती लपवली नाही, तोंडही फिरवलं नाही. जबडा सुटेपर्यंत तसाच बसून राहिला. मग पट्टी बसवली आणि सावकाश म्हणाला, "अभिमन. सोनगीरना शे मी."

बिजलीबाईचे डोळे पदराच्या वरून मोठे झाले होते. तिनं नवऱ्याला काहीतरी विचारलं. बोलताना पदराखाली तिचं तोंड उघडंच राहिलं, ते तिनं हातानं मिटवलं.

"ती इचारे," करमसिंग म्हणाला, "तुला झोपेत बी होय का?"

"नही," अभिमन म्हणाला. "झोपमा कधीच नही."

तिनं पुन्हा काही विचारलं. या वेळी जरा भराभर.

"सकाळनं बरं?"

"सकाळले चांगलं ऱ्हास. सांजले तरास."

बिजलीबाईनं मान हलवली, जोरजोरानं, आणि पदर खाली येऊ दिला. मग तिनं हनुवटीखाली दोन बोटं लावून दाखवली. असं धरलं की जरा थांबतं. अभिमननं आपली हनुवटी डावीकडून दाबून दाखवली. तिला ते पाहून हसू आलं, हसताना तोंड भलतंच उघडलं आणि तिथेच अडलं, आणि तिनं ते झाकलं नाही. करमसिंग दोघांकडे आळीपाळीनं बघत होता.

गाईच्या आजाराबद्दल दोन शेतकरी बोलतात तसं मग ते बोलत राहिले. गरम खाल्लं तर काय, थंड खाल्लं तर काय, कोण बघत असताना वाढतं, कोण जवळ असताना कमी होतं. आत डॉक्टर जानींनी ठशाचं मेण ऊन करून ठेवलं होतं. ते एकदा दारापर्यंत आले, दोघांना पाहिलं आणि परत जाऊन मेणाचं भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं.